चिकानं बंद केलेलं प्रकरण

"हा पाहा मॅडम, वाचकांचा अभिप्राय," असं म्हणत गोपालभाऊंनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि वकिलानं पुरावा दाखल करून बसावं तसे ते खुर्चीत मागे रेलून बसले.

दीपमालानं पुस्तक लगेच ओळखलं. तिचंच होतं. 'कोकिळाचा वाटा', दोन वर्षांपूर्वी याच छापखान्यातून निघालेली कादंबरी. वर खाकी कागदाचं कव्हर आणि त्यावर माळसोनी गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा जांभळा शिक्का. ती पानं उलटत गेली आणि शेवटच्या प्रकरणाशी तिचं बोट अडलं. तिथून पुढची सगळी पानं कडेनं चिकटवून टाकली होती, पाकीट बंद करतात तशी.

"कोणी केलं हे?"

"वाचकांनी. दुसरं कोन करीन?" गोपालभाऊंच्या आवाजात दुःख होतं, पण त्याखाली थोडं समाधानही होतं. "वाचनालयाचे अध्यक्ष, ज्ञानेश्वरराव, सोताहून घेऊन आले. म्हने आमच्या गावच्या बायांले इतका राग आला का त्याहिनं हे प्रकरनच बंद करून टाकलं. आता बोला! मी सांगतलं तं तुम्हाले पटत नव्हतं. हे तं बायांनीच सांगतलं ना?"

दीपमाला चिखलीच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. बोलणं कमी, आवाज हळू, आणि एखादी गोष्ट पटली नाही तर ती पुन्हा एकदा नीट बघायची सवय. गोपालभाऊंचा धंदा लग्नपत्रिकांचा आणि शाळेच्या मार्गदर्शक पुस्तकांचा. वर्षाकाठी एखाददुसरं पुस्तक ते हौसेनं छापत. माणूस वाईट नव्हता. फोन आला की घाबरायचा, एवढंच.

आणि फोन खूप आले होते. कादंबरीतल्या कोकिळाचा बाप वारतो, मागे आठ एकर जमीन आणि एक विहीर राहते. भाऊबीजेला तिचा भाऊ कडूबा तिला माहेरी बोलावतो आणि ओवाळून झाल्यावर ताटाशेजारी हक्कसोडीचा कागद ठेवतो. सगळ्या बहिणी करतात तशी तिनंही सही करायची, साडी घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं सासरी जायचं. कोकिळा सही करत नाही. शेवटच्या प्रकरणात सातबाऱ्यावर तिचं नाव चढतं आणि ती आपल्या अर्ध्या वावरात जाऊन उभी राहते. झालं, तेवढ्यावरून लोक छापखान्यात फोन करू लागले. घराघरांत भांडणं लावता का, आमच्या बहिणी वाचतात ना हे, लेखिकेला भाऊ नाही वाटतं.

"फोन करणाऱ्यांत बायका किती होत्या?" दीपमालानं विचारलं.

"बाया काय छापखान्यात फोन लावतील?" गोपालभाऊ म्हणाले. "ते जाऊ द्या. कामाचं बोलू. जिल्ह्यातल्या गावोगावच्या वाचनालयांसाठी सरकारी समितीवाले पुस्तकं निवडून राह्यले. समितीले कादंबरी आवडली. भाषा आवडली, कोकिळा आवडली. फक्त शेवट जरा मवाळ पाह्यजे. तेवढं केलं का दुसरी आवृत्ती लगेच. गावागावात पुस्तक! अजून काय पाह्यजे लेखकाले?"

त्यांनी ड्रॉवरमधून दोन कागद काढले. पुढच्या भाऊबीजेला कोकिळाला पश्चात्ताप होतो, ती जमीन भावाला ओवाळणीत परत देते आणि कडूबा तिच्या पायावर डोकं ठेवून रडतो.

दीपमालानं दोन्ही कागद शेवटपर्यंत वाचले.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"लिहिलं म्हंजे... सुचवलं."

"अक्षर सुंदर आहे तुमचं," ती म्हणाली आणि कागद परत दिले.

"मॅडम, मस्करी नका करू. नाही बदललं तं दुसरी आवृत्ती विसरा. कोनाच्याच हातात जानार नाही पुस्तक."

"मी वाचकांशी बोलते आणि मग सांगते."

"वाचक बोलले ना!" त्यांनी चिकटलेल्या पानांवर टिचकी मारली. "ह्याच्याहून किती बोलतील?"

तिनं ते पुस्तक उचलून पर्समध्ये टाकलं.

रविवारी सकाळी खिडकीशी बसून तिनं पुस्तकाची कड उजेडात धरली. मनाला लागलं होतं, नाही असं नाही. पुरुषांच्या फोनचं तिला काही वाटलं नव्हतं. पण बायकांनी आपल्या हातानं तिची पानं बंद करावीत, हे तिला आतवर टोचत होतं. बघू तरी कशानं चिकटवलंय, म्हणून तिनं भिंग आणलं.

एकदा चिकटवलेल्या कागदावर खळीचा एकच थर असतो. इथे थरावर थर होते. मधले थर पिवळसर, जाडेभरडे, त्यात कोंड्याचे कण अडकलेले. ती साध्या कणकेची खळ. सगळ्यांत तळचा आणि सगळ्यांत वरचा थर मात्र गुळगुळीत होते, काचेसारखे स्वच्छ. तिनं बोट ओलं करून कोपऱ्यावर टेकवलं आणि हुंगलं. आंबूस वास. तीन दिवस भिजवलेला गहू, वाटून, गाळून, निवळलेला. हा वास तिला परका नव्हता. दर उन्हाळ्यात आईच्या हाताखाली तिनं तो ढवळला होता. हा कुरडयांचा चीक होता.

चहाचं पातेलं उकळत ठेवून तिनं पुस्तक वाफेवर धरलं. पानं कुठेही न फाटता सुटली. रोज उघडणारं दार उघडावं तशी.

आत तिनं जे पाहिलं त्यानं ती पातेलं उतरवायचं विसरली. बाकीचं पुस्तक अजून कडक होतं, एकदाच वाचून ठेवलेलं. हे प्रकरण मात्र धुतलेल्या पातळासारखं मऊ पडलं होतं. कोपरे गोल झालेले. एका पानावर हळदीचा अंगठा, एकावर तेलाचा डाग. कोकिळा पेनाचं टोपण लावून ते कडूबाच्या हातात परत देते, त्या ओळीखाली नखानं ओढलेली रेघ, एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

ज्यांना नको असतात त्यांच्याकडे पानांची अशी अवस्था होत नाही. पण निष्कर्षाची घाई करायची तिला सवय नव्हती. तिनं गॅस बंद केला आणि मेहकरची एसटी पकडली. तिथून डोणगाव, आणि डोणगावहून जीपनं माळसोनी.

वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीशेजारची एक खोली, दोन कपाटं आणि टेबलाशी बसलेली चाळिशीची गौसिया. वाचनालय तीच सांभाळायची. दीपमालानं पर्समधून पुस्तक काढलं तशी गौसियानं ते झडप घालून घेतलं.

"या अल्ला! कुठं भेटलं तुम्हाले? आम्ही जीव टाकून राह्यलो याच्यासाठी." मग तिनं पाहुणीकडे नीट पाहिलं. "तुम्ही कोन?"

"मी लिहिलंय हे."

गौसियाचा चेहरा उतरला. तिनं हळूच शेवटचं प्रकरण चाचपलं. ते सुटं होतं. "फाडलं तुम्ही?"

"नाही. वाफेवर उघडलं."

"वाफेवरच उघडते ते," गौसिया बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

मग गौसिया हसायला लागली. हसता हसताच तिनं कपाटांना कुलूप लावलं. "चला मॅडम. इथं नको. सत्यभामाबाईच्या वाड्यात चला. आज त्याहिच्या कुरडया हायेत, सगळ्या तिथंच भेटतील."

अंगणभर खाटा टाकल्या होत्या आणि खाटांवरच्या धोतरांवर पांढऱ्या कुरडयांच्या रांगा वाळत होत्या. चुलीवरच्या पातेल्यात चीक रटरटत होता. सत्तरीच्या सत्यभामाबाई तो लाकडी उलथन्यानं घोटत होत्या. त्यांची सून पूनम सोऱ्या दाबत होती आणि शेजारची शाइस्ता उन्हात कुरडया मांडत होती.

"काकू, पाहा कोनाले आनलं," गौसिया म्हणाली. "ह्या कोकिळाच्या बाई."

पूनमचा सोऱ्या थांबला. "कोकिळाच्या? आपल्या कोकिळाच्या?"

पाण्याचा तांब्या आला, पाट आला, गरम चिकाची वाटी आली, वर तेल आणि तिखट. मग जे काही होतं ते गौसियानं सांगितलं.

पुस्तक गावात आलं तेव्हा मागच्या उन्हाळ्यात याच अंगणात पूनमनं ते मोठ्यानं वाचलं होतं. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी कुरडया घालायच्या. शेवटचं प्रकरण झालं आणि चीक पातेल्याला लागला तरी कोणाच्या लक्षात आलं नाही. पण एक अडचण होती. ज्ञानेश्वरराव वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक तपासत, आणि ते फक्त शेवटचं प्रकरण वाचत.

"म्हनतात, शेवट पाह्यला का पुस्तक कळते," पूनम म्हणाली. "बाकीचं कशाले वाचाचं?"

"त्याहिनं हे वाचलं असतं तं पुस्तक त्याच दिवशी गावाबाहेर," गौसिया म्हणाली. "मंग आम्ही काय केलं, ते प्रकरनच बंद केलं. उरलेल्या चिकानं. त्याहिनं इचारलं तं सांगतलं, साहेब, लय वाईट लिहेल हाये, आम्हा बायांले नाही पटलं. इतके खूश झाले! म्हने, आपल्या गावच्या बाया संस्कारी."

"आन् आम्ही आठवड्यातून एकदा उघडतो," शाइस्ता म्हणाली. "ज्या घरी न्यायचं त्या घरची वाफ, त्या घरची खळ."

"मग ते चिखलीला कसं आलं?"

"तिथंच फसलो ना आम्ही. साहेब जास्तच खूश झाले! लोकाले दाखवाले घेऊन गेले पुस्तक."

सगळ्या हसल्या. दीपमालाही हसली, आणि बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसली.

"एक सांगू का?" सत्यभामाबाई चीक घोटता घोटता म्हणाल्या. "राग नको येऊ देऊ, पोरी. तुही कोकिळा बावळट हाये."

"आत्याबाई!" पूनम ओरडली.

"काऊन आत्याबाई? तूच तं म्हनतं रोज. आता बाई समोर हाये तं मले बोलाले लावतं काय?" त्यांनी उलथनं दीपमालाकडे रोखलं. "चार एकर घेतलं. बरं केलं. मंग विहीर काऊन सोडली भावाले?"

कादंबरीत कोकिळा जमीन घेते, पण विहिरीवरचा हक्क ती आपणहून कडूबाला सोडून देते. त्या ओळीवर ती स्वतः खूश होती.

"मले वाटलं, नातं थोडं राहावं," ती म्हणाली. घरची बोली आपसूक तोंडी आली होती.

"नातं राह्यलं, अन् पिकाले काय देनार ते? नातं?" पूनम म्हणाली. "पान्याविना चार एकर घेऊन करीन काय ते? कुरडया वाळू घालीन?"

"चार दिवस त्याची मोटर, चार दिवस इची. सरळ हिशोब," शाइस्ता म्हणाली. "अन् कडूबाले काहीच काऊन होत नाही, मॅडम? लकवा तरी माराले पाह्यजे होता."

"नाही," दीपमाला म्हणाली. "लकवा रक्तदाबानं होते, जमीन खाल्ल्यानं होत नाही."

"मंग रक्तदाब द्या त्याले!"

"नाही देनार. धडधाकट राह्यला पाह्यजे तो. अन् धडधाकट माणसानं मोटरचं बटन आपल्या हातानं बंद करून बहिणीची पाळी द्याले पाह्यजे. आजारी माणसानं दिलं तं ते काय देणं झालं?"

शाइस्तानं विचार केला. "हावं. हे लकव्यापेक्षा भारी हाये."

परतीच्या जीपची वेळ झाली तशी दीपमाला उठली. पुस्तक तिनं पर्समध्ये परत टाकलं; साहेबांनी नेलेलं पुस्तक त्यांच्याच हातून गावात परतायला हवं होतं, नाही तर त्यांना संशय आला असता. पूनम खाली मान घालून सोऱ्या दाबत होती. "आखाजीच्या सनाले माहा भाऊ येऊन राह्यला," ती वर न पाहता म्हणाली. "कागद घेऊन. तवर पुस्तक परत आलं पाह्यजे मॅडम."

"पुस्तकानं सही थोडीच थांबते?" दीपमालानं विचारलं. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

"वाचलं का दोन दिस हिंमत राह्यते. मंग भाऊचा फोन येते, आईचा येते. मंग पुन्हा वाचा लागते."

सत्यभामाबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि पुन्हा चीक घोटायला लागल्या. "म्या केली सही," त्या म्हणाल्या. "साडी भेटली. पोपटी."

फाटकापर्यंत सोडायला आलेल्या गौसियानं तिचा हात धरला. "चिकाचं कोनाले सांगू नका. छापखान्यात बी नाही. नाही तं ह्याच्यानंतर एक पुस्तक भेटनार नाही आम्हाले."

"नाही सांगणार," दीपमाला म्हणाली.

जीपमध्ये ती विहिरीचा विचार करत राहिली. विहीर कोकिळानं सोडली नव्हती, तिनंच सोडली होती. पुढे येणारे फोन तिला लिहितानाच ऐकू आले होते आणि त्यांच्यासाठी तिनं आधीच थोडं मवाळ करून ठेवलं होतं. एवढं करूनही फोन आले ते आलेच.

नवं प्रकरण लिहायला तिला आठवडा लागला. ते घेऊन ती छापखान्यात गेली तेव्हा ज्ञानेश्वरराव तिथं चहा घेत बसले होते. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं. बाजार समितीतलं काम आटोपून आले होते.

"या मॅडम! शेवट बदलला म्हने?" ते म्हणाले. "शाब्बास. लेखकानं वाचकाचं ऐकलं पाह्यजे."

"ऐकलं," दीपमाला म्हणाली. "म्हणूनच बदललाय."

गोपालभाऊंनी हसत कागद घेतले आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर आवाज हळू झाला. तिसऱ्यावर बंद झाला.

"मॅडम, हे काय? विहीर बी?"

"अर्धी. चार-चार दिवसांची पाळी. सातबाऱ्यावर नोंद करून."

"अहो, तुम्हाले मवाळ कराले सांगतलं होतं!"

"तुम्ही सांगितलं होतं. वाचकांनी वेगळं सांगितलं."

"कोन्या वाचकानं?" ज्ञानेश्वररावांनी कप खाली ठेवला. "नाव सांगा. आमच्या गावच्या बायांनी काय केलं ते तं समोर हाये. प्रकरन बंद करून टाकलं!"

पुस्तक तिच्या पर्समध्ये होतं. ते काढून उघडायचा अवकाश, त्या मऊ पानांनी दोघांचीही तोंडं बंद केली असती. तिचा हात पर्सच्या चेनवर गेला. मग तिनं तो काढून घेतला.

"नावं नाही सांगणार."

"म्हंजे वाचक नाहीतच."

"तुम्हाला फोन करणारे आहेत, तसे मला सांगणारे आहेत. तुमच्यांनी पुस्तक वाचलं की नाही मला माहीत नाही. माझ्यांनी वाचलंय."

गोपालभाऊंनी कागदांची चवड सारखी केली, पुन्हा विस्कटली. "समिती हे घेनार नाही, मॅडम. इमानदारीनं सांगतो. मी छापू नाही शकत. दुसरी आवृत्ती जाते हातची."

"जाऊ द्या."

"इचार करा. गावोगाव जानार होतं पुस्तक."

"सही करून देणारी कोकिळा गावोगाव जाणार होती. ती आधीच प्रत्येक गावात आहे, तिच्यासाठी पुस्तक कशाला पाहिजे?" तिचा आवाज नेहमीइतकाच हळू होता. "तुमचा शेवट तुम्हाला आवडला असेल तर तुमच्या नावानं छापा. नाव मात्र दुसरं शोधा. कोकिळा माझी आहे आणि ती सही करणार नाही. पहिल्या आवृत्तीच्या उरलेल्या प्रती तेवढ्या मला द्या."

गोपालभाऊंनी कागद तिच्यापुढे सरकवले. मग उठले आणि शिडी लावून स्वतःच माळ्यावर चढले. गठ्ठे खाली देताना ते तिच्याकडे न पाहता पुटपुटले, "मोटरवाला परसंग चांगला लिहिला तुम्ही."

"आमचं पुस्तक राह्यलं की," ज्ञानेश्वरराव म्हणाले. "शिक्क्याचं. वाचनालयाची मालमत्ता हाये ते."

"हो तर. जरा खिळखिळं झालंय. शिवून देते. पुढच्या बाजाराला याल तेव्हा घेऊन जा."

घरी तिनं नवं प्रकरण कॉलेजच्या प्रिंटरवर त्याच आकारात छापून घेतलं. उरलेल्या प्रतींमध्ये ते एकेक करून चिकटवलं आणि त्या सगळ्या उघड्याच ठेवल्या. ज्याला चिडायचंय त्यानं वाचून चिडावं. माळसोनीच्या प्रतीत मात्र तिनं नवी पानं जुन्या पानांमागे दोऱ्यानं शिवली. जुनी काढायला तिचं मन होईना. त्यांच्यावर हळदीचा अंगठा होता.

मग तिनं चीक शिजवला. खळ टिकावी म्हणून पुस्तकबांधणीवाले तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात हे तिला माहीत होतं, आणि मोरचूद प्रयोगशाळेत बाटलीभर होतं. तिनं ते घातलं नाही. ही खळ टिकायला नको होती. पातेल्यात तिनं नेहमीपेक्षा वाटीभर पाणी जास्त ओतलं, चीक ताकासारखा पातळ केला आणि पानांच्या कडेला बोटानं अगदी हलका हात फिरवला. एका वाफेत सुटेल असा.

पुढच्या बाजाराला ज्ञानेश्वररावांनी स्टँडवर पुस्तक हातात घेतलं, सवयीनं शेवटाकडे गेले आणि बोट अडलं तशी मान डोलावली.

"जाड झालं वाटते जरा?"

"दोरा नवीन आहे."

"बंदच हाये ना पन?"

"हो," दीपमाला म्हणाली. "बंद आहे."

त्यांनी पुस्तक पिशवीत ठेवलं आणि पिशवी मांडीवर घेऊन ते खिडकीशी बसले. मेहकरची गाडी सुटली. आखाजीला अजून अवकाश होता.